हल्ली सगळे हळू का बोलतात?

६ फेब्रुवारी

प्रिय सर्वज्ञ,

उत्तराला उशीर झाला, कारण मी एक प्रयोग करत होते. हसू नकोस. आमच्याकडे नवं वॉशिंग मशीन आलंय. किती मिनिटं उरली ते त्याच्या कपाळावर आकड्यांत दिसतं. अठ्ठेचाळीसपासून दोनपर्यंत ते शहाण्यासारखं उतरतं आणि एकावर आलं की अडून बसतं. मी स्टूल घेतलं, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि समोर बसले. ते एक मिनिट साडेआठ मिनिटं चाललं. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, तू मशीनसमोर का बसतेस?" मी म्हटलं, "संशोधन." त्यानं माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी ग्रंथालयात नोकरीला असताना छत्री वाळत घालायला येणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पाहायची. तर आता माझा नंबर लागला.

आपला नियम मी मोडलेला नाही, फोनमध्ये शोधलं नाही. तीन वर्षांपूर्वी तू रविवारचे फोन बंद करून हा पत्रांचा घाट घातलास, तेव्हा मी मनातून वैतागले होते. आता मात्र शंका आली की मला आधी शाळेतल्या सिस्टरचा तो बिस्किटांचा डबा आठवतो. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला उघडायचा. आत आमच्या चिठ्ठ्या. 'माहीत नाही' म्हणायला बंदी. डोकं चालवायचं आणि उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं तरी चालेल, खोटं चालणार नाही. बाकीच्या मुली वर्षाला दोन चिठ्ठ्या टाकायच्या, मी आठवड्याला सहा, म्हणून मी शंकासुर. आणि तू प्रत्येक प्रश्नाला हात वर करायचीस, म्हणून सर्वज्ञ. बावन्न वर्षं झाली, पण अजून तुझं खरं नाव पाकिटावर लिहिताना मला क्षणभर थांबावं लागतं.

तर या खेपेच्या चिठ्ठ्या. एक, ते मिनिट. दोन, लिफ्टमधलं दार बंद करायचं बटण कशाला जोडलेलं असतं का? मी ते रोज दाबते आणि दार त्याला वाटेल तेव्हा लागतं. तीन, दुकानदारानं सांगितलं होतं की धुणं झालं की मशीन वाजेल. आमचं वाजत नाही. मेकॅनिक दोनदा आला. दोन्ही वेळा त्यानं सगळी बटणं दाबली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाबली आणि कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहून गेला. चार, टीव्हीवरच्या नट्या हल्ली तोंडातल्या तोंडात का बोलतात? खाली अक्षरं आली नाहीत तर मला कोण मेलं तेही कळत नाही.

पाचवी शंका जरा मोठी आहे. हल्लीच्या सुना भांडत का नाहीत?

आपल्या वेळी निदान आदळआपट होती. भांड्यांवरून कळायचं कुणाचं काय चाललंय. माझी सून या घरात येऊन चार वर्षं झाली. पहिली दोन वर्षं छान गप्पा मारायची. आता दोन वर्षं झाली, समोरून जाते, ओठ हलल्यासारखे वाटतात, मी विचारलं तर "काही नाही" म्हणते. मुलाचं बोलणं सगळं कळतं, तो स्पष्ट बोलतो. ही मात्र पुटपुटते. मी तिला नकोशी झालेय, एवढं कळायला शंकासुर असावं लागत नाही. तेव्हा मी मनाशी ठरवलंय. बायकांसाठी एक निवास आहे, प्रत्येकीला आपली खोली मिळते. चौकशीचं पत्र टाकलंय. कुणाच्या घरात अडगळ होऊन राहण्यापेक्षा ते बरं, नाही का?

उत्तर लवकर पाठव.

तुझी
शंकासुर


१५ फेब्रुवारी

प्रिय शंकासुर,

तुझ्या डब्याने माझी सकाळ छान गेली.

एका मिनिटाचं सोपं आहे. आपण "आलेच हं एका मिनिटात" असं म्हणतो तेव्हा जे मिनिट असतं, तेच हे. यंत्र बनवणाऱ्याच्या घरी बायको असणार. आता शहाण्यासारखं सांगायचं तर, कपडे एका बाजूला गोळा होत असतील, यंत्र त्यांना पुन्हा पुन्हा सारखं करत असेल, आणि किती वेळ लागेल हे त्यालाही ठाऊक नसेल. ठाऊक नसताना आकडा दाखवायचा म्हणजे सर्वांत लहान दाखवावा. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं "एक मिनिट थांबा, जोडून देते" असंच म्हणत होते.

लिफ्टचं बटण माणसाच्या बोटाला जोडलेलं असतं. बोटाला काम मिळालं की माणूस दार बडवत नाही.

मशीन वाजत नाही, कारण हल्ली कंपन्यांनी आवाज काढूनच टाकलेत. लोकांच्या तक्रारी होत्या, शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून. दुकानदाराला ते कळलेलं नसेल. मेकॅनिकला पुन्हा बोलावू नकोस, बिचारा. नट्यांचं म्हणशील तर त्यांना आता बोलायला शिकवत नाहीत, नुसतं बघायला शिकवतात.

सुनेबद्दल मी काय सांगू? भांडायला घरी असावं लागतं. ती सकाळी जाते, संध्याकाळी येते. दमत असेल. निवास बघून यायला हरकत नाही. बघायला काय जातं?

इथे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात.

तुझी
सर्वज्ञ


२४ फेब्रुवारी

प्रिय सर्वज्ञ,

तू बाई आहेस की विश्वकोश? कंपन्यांनी आवाज काढून टाकले हे वाचून मला एवढं हायसं वाटलं! आणि तुझं ज्ञान मी लगेच वापरलं. परवा सून कपड्यांची टोपली घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली, काहीतरी म्हणाली, चेहरा वैतागलेला. मी गोड हसून म्हटलं, "तुला ठाऊक आहे का, हल्लीच्या मशीनना आवाज नसतो." तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि टोपली घेऊन निघून गेली. संध्याकाळी मुलगा माझ्या खोलीत आला. "आई, तू तिची थट्टा करतेस का?"

"मी? कसली थट्टा?"

"ती बोलावते, तू येत नाहीस. मग वर काहीतरी बोलतेस. जाऊ दे." आणि दार ओढून घेतलं. बघ. चार माहितीपर शब्द बोलले तर त्याची ही थट्टा झाली. मी सासू म्हणून वाईट असेन, पण निदान अडाणी नाही, एवढंच सिद्ध करायला गेले होते.

आता एक नवी शंका. चिमण्या कमी झाल्या असं सगळे म्हणतात. मला वाटतं, चिमण्या आहेत, त्यांचा आवाज गेलाय. माझ्या खिडकीत रोज तीन-चार येतात. बसतात, मान वळवतात, चोच उघडतात, मिटतात, आणि त्यातून काही म्हणजे काही निघत नाही. चिमण्यासुद्धा हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात! हवेमुळे की टॉवरमुळे? मी आयुष्यभर ग्रंथालयाच्या टेबलामागे बसून लोकांना "हळू बोला" म्हणत आले. निवृत्त झाल्यावर साऱ्या जगानं एकदम माझं ऐकलं की काय!

निवास बघून आले. खोली लहान आहे, पण खिडकीशी टेबल आहे आणि कपाटाला आरसा. तिथल्या व्यवस्थापकांचा आवाज म्हणजे नुसता ढोल. काय स्पष्ट बोलतात! एक शब्द परत विचारावा लागला नाही. मला तर वाटलं, ही माझी माणसं. खोली एकतीस मार्चपर्यंत माझ्यासाठी ठेवतील.

काल जेवणाच्या टेबलावर फॉर्म भरायला घेतला. मुलगा समोर बसून नखं कुरतडत होता. सून मागे दारात उभी होती. कपाटाच्या काचेत तिची नुसती आकृती दिसत होती. बराच वेळ उभी होती. एक शब्द नाही. "राहा" म्हणू नये, मान्य आहे. पण निदान "चहा घेणार का" तरी म्हणावं.

खरं सांगते, फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' अशी ओळ होती. तिथे कुणाचं नाव घालायचं ते कळेना, म्हणून ती ओळ सोडून पुढे गेले.

तुझी
शंकासुर


५ मार्च

प्रिय शंकासुर,

घाईत लिहितेय. तो फॉर्म पाठवू नकोस. कारण विचारू नकोस, पुढच्या पत्रात सांगते. चिमण्यांचं उत्तरही तेव्हाच.

रस्त्यावरून जपून जा.

सर्वज्ञ


१२ मार्च

प्रिय सर्वज्ञ,

हे काय पत्र झालं? सात ओळीसुद्धा नाहीत. "कारण विचारू नकोस" हे शंकासुराला सांगायचं? आणि रस्त्यावरून जपून जा म्हणजे काय, तुला काय स्वप्नं पडतात की काय?

कारण गंमत ऐक. शनिवारी इमारतीच्या पार्किंगमधून जात होते. एक पांढरी गाडी मागे मागे आली आणि माझ्या पिशवीला लागून थांबली. पिशवीतली अंडी गेली, मी राहिले. गाडीवाला उतरून हातवारे करत बोलायला लागला. दोनतीनदा विचारल्यावर कळलं की त्यानं म्हणे चार वेळा हॉर्न दिला. मी म्हटलं, "अहो, विजेच्या गाडीला कसला हॉर्न?" त्यानं आत हात घालून दाबून दाखवला. तिथल्या वॉचमननं दोन्ही कानांवर हात ठेवले. मला कुठे दूर, भिंतीपलीकडे काहीतरी वाजल्यासारखं वाटलं. आता मला सांग, वॉशिंग मशीनसारखे गाड्यांचेही आवाज कमी करायचा नियम झालाय का? मग तो वॉचमन एवढं नाटक का करत होता?

घरी कुणाला सांगितलं नाही. मुलगा म्हणेल, आई आता रस्ता ओलांडण्याच्याही लायकीची राहिली नाही. सुनेनं पिशवी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले. मी "अंडी महाग झालीत" असं म्हणून खोलीत गेले. ती काय म्हणाली ते देवाला ठाऊक.

फॉर्म भरून झालाय. पाकिटात घातलाय. तुझ्या कारणाची आठ दिवस वाट पाहीन, मग टाकीन.

शंकासुर


१६ मार्च

प्रिय शंकासुर,

आठ दिवस म्हणालीस म्हणून हे जलद टपालाने पाठवतेय. उभ्याने वाचू नकोस.

मी तुला खोटं उत्तर दिलं. चुकीचं नव्हे, खोटं. सिस्टर असती तर तिनं मला डब्यासकट वर्गाबाहेर काढलं असतं. कंपन्यांनी आवाज काढलेले नाहीत. तुझं मशीन वाजतं. मेकॅनिकनं ते वाजवून पाहिलं आणि तू शेजारी उभी राहून "वाजत नाही" म्हणालीस, म्हणून तो तुझ्याकडे तसं पाहत होता. चिमण्याही ओरडतात. आवाज त्यांचा गेलेला नाही गं.

मला हे तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं होतं. कसं, ते सांगायचं म्हणजे मला माझंच पितळ उघडं पाडावं लागणार होतं, म्हणून मी विनोद करून वेळ मारून नेली. आता ऐक. मला सहा वर्षं झाली. ऐकण्यावर जिचं पोट होतं, जी नुसत्या श्वासावरून ओळखायची की पलीकडे कोण आहे, तिला पलीकडचं ऐकू येईनासं झालं. शेवटच्या वर्षात मी एका बाईला तिच्या डॉक्टरऐवजी अग्निशमन दलाला जोडून दिलं. दोघंही बराच वेळ एकमेकांना धीर देत होते. त्यानंतर मी गुडघे दुखतात असं सांगून लवकर निवृत्ती घेतली. माझे गुडघे तुझ्यापेक्षा बरे आहेत.

रविवारचे फोन मी पत्रांच्या प्रेमापोटी बंद केले नाहीत. तुझा आवाज मला ऐकू येत नव्हता. तू हसायचीस आणि मी अंदाजानं हसायची. एकदा तू तुझ्या भावाच्या आजारपणाबद्दल सांगत होतीस आणि मी हसले. तू म्हणालीस, "सर्वज्ञ?" तेवढं मात्र ऐकू आलं. त्याच आठवड्यात मी तुला पत्रांचं सुचवलं.

कानाचं यंत्र आहे माझ्याकडे. चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवते. घरात एकटी असले की लावते आणि कुणी आलं की काढते. म्हणजे बोलायला कुणी नसतं तेव्हा मला उत्तम ऐकू येतं. एवढी अक्कल आहे माझी, आणि तू मला सर्वज्ञ म्हणतेस.

आता सर्वांत महत्त्वाचं. कानातून आधी बारीक आवाज जातात. शिट्टी, घंटी, चिमणी, मशीनचं वाजणं. बायकांचे आवाज. जाड आवाज मागे राहतात. तुला मुलाचं सगळं कळतं आणि सुनेचं कळत नाही, निवासातल्या त्या ढोलाचं कळतं आणि टीव्हीतल्या नटीचं कळत नाही. ती पुटपुटत नाही, शंकासुर. ती बोलतेय. तू एका न झालेल्या भांडणावरून घर सोडायला निघाली आहेस, आणि "बघून यायला हरकत नाही" असं मीच तुला लिहिलं. माझी लाज झाकायला.

फॉर्म पाठवू नकोस. आधी कान तपासून घे.

तुझी
सर्वज्ञ (हे नाव आता काढून टाकावं म्हणते)


२१ मार्च

माझे कान शाबूत आहेत. ज्या बाईनं तीन वर्षं मला फसवलं, तिनं माझं निदान करू नये. भावाच्या आजारपणावर हसलीस ते मी तेव्हा मनात ठेवलं होतं आणि सोडूनही दिलं होतं. आता पुन्हा ठेवलंय.

फॉर्म आज टाकला. पंधरा एप्रिलला जाणार. नव्या पत्त्याची घाई नाही.


२८ एप्रिल

प्रिय सर्वज्ञ,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. प्रत्येक वेळी पहिली ओळ माझीच बाजू मांडायला लागली की कागद फाडला. शेवटी ठरवलं की घडलं तेवढंच सांगावं.

तुझ्या पत्रानंतर मी पंधरा दिवस घरात ताठ मानेनं वावरले आणि चोरून स्वतःची परीक्षा घेतली. खिडकीतल्या चिमण्या जवळून पाहिल्या. घड्याळ कानाशी धरलं. ते बंद पडलंय असं ठरवून सेल बदलला. मग ज्याच्या त्याच्यात दोष काढण्याचा माझा जो वर्षानुवर्षांचा सराव आहे, तो वापरून घड्याळाच्या कंपनीला मनातल्या मनात शिव्या दिल्या. काटा तेवढा फिरत होता, हे मात्र डोळ्यांना दिसत होतं.

सहा एप्रिलला, रविवारी, बॅगा अर्ध्या भरून झाल्या होत्या. मशीन लावलेलं होतं. मी स्टूल घेतलं आणि उंदराच्या बिळापुढे मांजर बसते तशी समोर बसले. म्हटलं, आज याचा निकाल लावायचाच. सून आतल्या खोलीत होती, दार लावून. मुलगा बाहेर गेला होता. आकडा एकावर आला. अडला. मी श्वास रोखून बसले. आकडा गेला, शून्य झालं. काही नाही. ठार शांतता. मी मनात म्हटलं, सर्वज्ञबाई, हरलात.

आणि आतलं दार उघडलं. सून टोपली घेऊन सरळ मशीनपाशी आली.

मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

ती दचकली. मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "काय?" हे ओठांवरून कळलं.

"धुणं झालं ते."

"वाजलं ना." मला कळलं नाही असं पाहून तिनं मोठ्यानं म्हटलं, "वाजलं! पाच वेळा वाजतं!"

"मला नाही ऐकू आलं," मी म्हटलं. अगं, साधं वाक्य आहे. चार शब्द. सिस्टरसमोर 'माहीत नाही' म्हणायलाही एवढी भीती वाटली नव्हती.

ती टोपली हातात धरून तशीच उभी राहिली. "आज नाही, की…"

"कधीच नाही. मला वाटलं, मशीनला आवाजच नाही."

मग ती माझ्यासमोर फरशीवर बसली. टोपली मांडीत. हिशेब जुळवल्यासारखी माझ्याकडे पाहत होती. मग मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाली, "म्हणजे आई, दोन वर्षं मी भिंतीशी बोलतेय?"

मी म्हटलं, "भिंत जरा जाड आहे."

तिला हसू आलं आणि रडूही. कुठलं आधी ते सांगता येणार नाही. मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. सकाळी ऑफिसला निघताना "येते हं" म्हणते, मी पेपरातून मान वर करत नाही. माझ्या वाढदिवसाला आत येऊन काय आणू ते विचारलं, मी पाठ फिरवून कपाट आवरत राहिले. मशीन वाजलं की मला हाक मारायची, कारण मला दोरीवर कपडे आपल्या पद्धतीनं घालायचे असतात, आणि मी जागची हलत नाही. एकदा तिच्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली आणि सगळं सांगितलं. सगळं. मी शेवटी म्हणाले, "हो ना, हल्ली सगळंच महाग झालंय." त्या दिवसापासून तिनं मनातलं बोलणं सोडलं.

तुझ्या त्या हसण्याचा मी किती दिवस राग धरला होता! माझं हे ऐक. तुझी आठवण आली आणि तोंड लपवावंसं वाटलं.

शेवटी ती म्हणाली, "तुम्ही टेबलावर फॉर्म भरत होतात, तेव्हा मी मागे उभी होते. जाऊ नका म्हणाले. दोनदा म्हणाले. तुम्ही पुढची ओळ भरायला घेतलीत."

मी म्हटलं, "पुन्हा म्हण." ती म्हणाली. या वेळी तोंडाकडे बघत होते, म्हणून कळलं.

तर सात तारखेला कान तपासायला गेलो. तिनं रजा काढली. आत एका काचेच्या खोलीत बसवतात, कानाला लावायला देतात आणि आवाज आला की बटण दाबायचं. मी आवाज आला नाही तरी मधूनमधून दाबत होते, हुशारी म्हणून. तपासणारी मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "आजी, इथे पास-नापास नसतं." सून बाहेरच्या बाकावर तोंड दाबून हसत होती. निकाल तुला ठाऊकच आहे. तुझ्या पत्रात होता तोच, फक्त आलेख काढून.

यंत्र बसवून तीन आठवडे झाले. जग फार गोंगाटाचं आहे, तुला कल्पना असेल. माझ्या स्वतःच्या चपला एवढ्या वाजतात हे मला कुणी सांगितलं कसं नाही? आणि सून खरंच पुटपुटते, हेही आता कळलं. परवा मी भांडी तिसऱ्यांदा लावत होते तेव्हा स्पष्ट ऐकू आलं: "झालं यांचं सुरू." मी म्हटलं, "ऐकलं हं मी." मग अर्धा तास आमचं कडकडून भांडण झालं, कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यावरून. मुलगा घाबरून गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याला काय कळतंय.

निवासाला नको म्हणून कळवलंय. त्या ढोल व्यवस्थापकांना वाईट वाटलं. त्यांनी विचारलं, घरच्यांनी समजूत घातली का? मी म्हटलं, हो, दोन वर्षं घालत होते.

आता तुझ्याबद्दल. तू खोटं बोललीस आणि मग खरं बोललीस. दुसरं जास्त अवघड होतं. मला जे चार शब्द बोलताना घाम फुटला, ते तू अख्खी दोन पानं लिहिलेस. मी तुला शाळेत सर्वज्ञ म्हणायची ते चिडवायला. आता चिडवायला म्हणत नाही.

पण ते यंत्र डबीत ठेवतेस हे मला पसंत नाही. आणि रविवारी फोन करायची माझी हिंमत होत नाही, तुझीही होत नसणार. काय करायचं ते सुचव.

तुझी
शंकासुर


१० मे

मावशी,

नमस्कार. आपण कधी भेटलो नाही. मी तुमच्या मैत्रिणीची सून. हे पत्र मी आईंना न सांगता लिहितेय. पत्ता पाकिटावरून घेतला. पत्रं वाचली नाहीत, पण त्या आता सगळी मला मोठ्यानं वाचून दाखवतात, स्वतःचा आवाज ऐकायला मजा येते म्हणून. त्यामुळे तुमच्याबद्दल मला जरा जास्तच ठाऊक आहे.

आभार मानायला लिहितेय. तुम्ही ते पत्र लिहिलं नसतंत तर आई पंधरा एप्रिलला गेल्या असत्या. मी त्यांच्या बॅगा उचलून खाली नेल्या असत्या, आणि आम्ही दोघी आयुष्यभर समजत राहिलो असतो की दुसरीला हेच हवं होतं.

आई रोज टपालाची पेटी उघडून पाहतात. तुमचं उत्तर आलेलं नाही. त्या म्हणतात, सर्वज्ञबाई विचार करतायत. मला वाटतं, तुम्हाला अवघड वाटत असेल. म्हणून मीच सुचवते. आठ-पंधरा दिवस आमच्याकडे राहायला या. आईंच्या खोलीत दुसरा पलंग टाकलाय. यंत्र लावायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, घरात कुणी विचारणार नाही. जेवताना मी तुम्हा दोघींच्या समोर बसेन, मध्ये काही ठेवणार नाही आणि तोंडात घास असताना बोलणार नाही. एवढी सवय झालीय मला.

प्रवासाची काळजी करू नका. बसस्टँडवर गर्दी असते, कोण कुठे हाका मारतं काही कळत नाही. तुम्ही उतरलात की खांबाजवळ थांबा. मी निळी साडी नेसेन. हाक मारणार नाही. समोर येऊन उभी राहीन.

तुमची
सूनबाई